बंद मिलच्या छतावरची हवा

खांडव्याहून निघालेल्या बसने घाट चढता चढता माझ्या चारपैकी दोन बाटल्या फोडल्या, त्यामुळे इंदूर दिसलं तेव्हा मला काडीचाही आनंद झाला नाही. बाटल्या काचेच्या, रिकाम्या. त्यांत हवा भरून पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायची, हे माझं काम. माणूस एवढा धूर सोडतो, त्यातला किती समुद्र पितो आणि किती झाडं-माती गिळतात, हे त्या हवेवरून कळतं. समुद्रावरची हवा रत्नागिरीला घेऊन झाली होती. जमिनीवरची जंगलातल्या मनोऱ्यावरून घ्यायची, तर तिकडचा रस्ताच पावसात वाहून गेलेला. "मग इंदुरात बघ, धूर नसलेली उंच जागा," प्रयोगशाळेतले सर फोनवर म्हणाले. सांगायला काय जातं!

जुनी इंदूर भागात भुट्ट्याचा कीस (कोवळा मका किसून दुधात शिजवलेला) खाताना दुकानदाराला विचारलं.

"मिलवर जा ना भिया! चिमणी कधीची ठंडी पडलीय."

मिलच्या भिंतीवर विदेशी कोल्ड्रिंकची नवी जाहिरात रंगवलेली होती. फाटकावर वामनजी भेटले. आजोबा महूच्या पलटणीत, हे स्वतः बॉयलरला कोळसा घालणारे फायरमन. मिल बंद पडल्यावर तिथलेच चौकीदार. मी छत पाहिलं, चिमणी पाहिली, वहीत टिपून घेतलं. उद्या दुपारी येतो म्हणालो.

"जरूर या साहेब. बॉयलर एकदम ओके आहे. मी हर हफ्ते साफ करतो."

मी दमलेला. नुसतं "हं" म्हणून निघालो. तिथेच चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरूनच दिसलं, चिमणीतून काळाकुट्ट धूर! धापा टाकत आत गेलो. उरलासुरला कोळसा आणि फाटकी बारदानं भट्टीत घालून वामनजी उभे, अंगात इस्त्री केलेला जुना खाकी शर्ट.

"बघा साहेब, चालू आहे की नाही? रिपोर्टमध्ये लिहा. आमची सगळी लोकं वाट बघतायत."

माझं डोकंच सटकलं. "अहो, काय केलंत हे! मिल बंद आहे म्हणून तर मी आलो. मला बिनधुराची हवा हवीय!"

बोलून गेलो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे मिल खुलवायला नाही आले तुम्ही?"

"नाही हो."

"अच्छा." हातातलं फावडं त्यांनी भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "विझवतो. उद्यापर्यंत साफ होऊन जाईल. तुमचं काम तरी का अडायचं?"

पाण्याच्या बादल्या त्यांनी स्वतः ओतल्या. मीही ओतल्या. दोघं राखेने माखलो.

तिसऱ्या दिवशी छतावर वाऱ्याकडे तोंड करून दोन्ही बाटल्या भरल्या. आपला श्वास त्यात मिसळू नये म्हणून तो रोखून धरावा लागतो. वामनजींनीही रोखला होता. मी सांगितलं नव्हतं.

पुण्यात सर खूश. "इतका स्वच्छ नमुना! पुढच्या वर्षीही तिथूनच घेऊ. तेव्हाही धूर नसेल ना?"

एवढी वर्षं फिरतोय, पण कुठल्याच प्रवासाने मला इतकं थकवलं नाही, जितकं त्या एका उत्तराने.

"नसेल, सर," मी म्हणालो.