खटक्याचे कान

आमच्या गल्लीत जुने घडीचे चाकू दुरुस्त करणाऱ्या मामांना सगळे ‘खटका’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर मामाच, कारण त्यांच्या हातात कायम काहीतरी धारदार असतं. चाकू उघडून मिटला की नुसत्या आवाजावरून ते दुखणं ओळखायचे. हल्ली कान गेले. मामी म्हणतात, “माझं न ऐकण्याचा सराव लग्नापासूनच होता.”

थट्टा राहू द्या. मामांनी ठणठणीत म्हणून दिलेला चाकू पुठ्ठा कापताना गल्लीतल्या पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या बोटावर मिटला. बोटाला पट्टी बांधून तो चाकू घेऊन परत आला. मामींनी सरळ दुकानाला लावायचं कुलूपच समोर आणून ठेवलं. “आज जमलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून दुकान बंद. कुणाचं बोट तुटायला नको.”

चाकू बाइंडरच्या आजोबांचा. काय वस्तू होती! शिंगाची मूठ, आत पितळ, आणि खिळे असे घासून बसवलेले की शोधायला उन्हात धरावं लागे. पातं उघडं असो, अर्धवट असो की मिटलेलं, पात्याला धरून ठेवणारी पाठीची पोलादी पट्टी मुठीशी सपाट. नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. कुणाच्या हातांनी केलं असेल, देव जाणे!

मामांनी पातं उघडलं, मिटलं. कान लावला. काही नाही. चेहरा उतरला. मग एकदम मुठीचं टोक दातांत धरून त्यांनी पुन्हा पातं उघडलं.

“अहो, चाकू आहे तो, ऊस नव्हे!” मामी ओरडल्या.

मामांचे डोळे मिटले होते. “दोन आवाज आहेत,” ते हळूच म्हणाले. “खट, आणि मागून एक बारीक टिक. पट्टीचा मधला खिळा झिजलाय. हाडातून ऐकू येतंय गं!”

दुपारभर कानस चालली. नवा खिळा बसला आणि पितळात विरून गेला. बाइंडरने जाड पुठ्ठ्यात टोक खुपसून जोर लावला, दुखरं बोट मात्र लांब ठेवून. पातं हललं नाही. मामींनी कुलूप उचलून आत नेलं.

मामांनी चाकू पुन्हा दातांत धरला. उघडायचे, मिटायचे, उघडायचे.

“अहो, द्या की त्याचा त्याला!” मामी आतून म्हणाल्या.

“राहू द्या, मामी,” बाइंडर स्टुलावर बसत म्हणाला. “मला घाई नाही.”