कारणाचा रकाना

"मॅडम, तुम्ही ह्यांना आकडे मोजायला लावले, आन् आता आम्हाला आकड्यांचंच भ्या वाटतंय!" सुनीताताई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या.

मी कौटुंबिक समुपदेशक. म्हणजे घरातली भांडणं ऐकून घ्यायची आणि माणसांना एकमेकांशी नीट बोलायला शिकवायचं, हे माझं काम. मुकुंदवाडीच्या आमच्या सेंटरवर साळवे जोडपं दुसऱ्यांदा आलं होतं. साळवे चिकलठाण्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. माणूस सरळ, पण राग आला की वस्तू फोडायचे. अंगावर हात टाकत नाहीत ना, हे मी पहिल्याच दिवशी बाईंना वेगळं बसवून विचारून घेतलं होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी लेकीचा मोबाईल भिंतीवर आपटला. प्रज्ञा अकरावीला. पोर बॅग भरून बिडकीनला मामाकडं गेली, ती आलीच नाही. "पप्पा असेच राहणार असतील तर मी इथूनच कॉलेज करते," असा तिनं आईला निरोप दिला होता.

पहिल्या सेशनला मी नेहमीचा उपाय सांगितला होता. राग आला की दहापर्यंत मोजा. 'मनात' हा शब्द सांगायचा राहिला.

"मोठ्यानं मोजतात, मॅडम! एक... दोन... तीन... माझ्याकडं डोळे वटारून. सात म्हणेस्तोवर मी गॅस बंद करून शेजारच्या वहिनींकडं पळते."

मला हसू आवरलं नाही, मग माझीच मला लाज वाटली. साळवे खाली मान घालून म्हणाले, "मॅडमनंच सांगितलं होतं."

आता मला राग आला. येतो की मलाही! 'मोबाईल फोडायला पण मीच सांगितलं होतं का?' असं ओठांवर आलेलं कसंबसं गिळलं. तरी थोडं निसटलंच. "कंपनीत मशीन बिघडलं की तेही आपटता का हो?"

"नाय नाय!" माणूस एकदम ताठ बसला. "आधी मेन स्विच बंद. त्याला आपलं कुलूप, वर लाल टॅग. टॅगवर नाव, टाइम, कारण. मग कुणाचा बाप आला तरी मशीन चालू करायचं नाय. ज्यानं टॅग लावला, त्यानंच काढायचा. आत एखाद्याचा हात असतो, मॅडम."

"मग घरी का नाय लावत?" सुनीताताईंनी विचारलं.

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

नियम तिथंच ठरले. डोकं तापलं की स्वयंपाकघराच्या दाराला टॅग लावायचा आणि गच्चीवर जायचं. शांत झाल्यावर स्वतः खाली यायचं आणि टॅग काढायचा.

"आन् कारणाचा रकाना भरायचा," बाई म्हणाल्या. "रिकामा टॅग तुमच्या साहेबाला चालतो का?"

"नाय चालत."

"मग मलाबी नाय."

पंधरा दिवसांनी दोघं आले. सोबत प्रज्ञा होती, पण ती आईच्या पलीकडं, बापापासून लांब बसली. सुनीताताईंनी पिशवीतून चार टॅग काढून टेबलावर ठेवले.

पहिल्यावर लिहिलं होतं, कारण: राग.

"हा मी परत दिला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, राग हे कारण नाय, तो तर बिघाड. बिघाड कशानं झाला ते लिहा."

मी बघतच राहिले. रागाच्या खाली बहुतेक वेळा दुसरीच भावना असते, हे शिकायला मला दोन वर्षांचा कोर्स लागला होता. आठवी शिकलेल्या या बाईनं ते स्वयंपाकघरात उभं राहून ओळखलं.

दुसरा टॅग: साहेब सगळ्यांसमोर बोलले. अपमान वाटला. तिसरा: जेवायला दोनच ताटं. रडू येतंय. चौथा त्यांनी मोबाईल फोडला त्या दिवसासाठी लिहिला होता, उशिरानं. 'प्रज्ञा दोन तास आली नाय. फोन लागंना. रिक्षा उलटली असं वाटलं. लई भ्यालो.'

आईनं याचाच फोटो बिडकीनला मामाच्या मोबाईलवर पाठवला होता. म्हणून पोरगी आली होती.

"पप्पा, तुम्ही भ्याले होते?"

"व्हय."

"मग तसं का नाय बोलले?"

"मलाच ठाऊक नव्हतं, बेटा. लिहायला बसलो तवा कळालं." मग ते म्हणाले, "मोबाईल फोडला ते चुकलंच. तुझी माफी मागतो."

पन्नाशीचा माणूस, पोरीसमोर, अशा भाषेत! एवढ्या वर्षांत मी हे फार कमी वेळा पाहिलंय.

प्रज्ञानं डोळे पुसले. "येते मी घरी. पण एक टॅग माझ्यासाठी आणा. मलाबी राग येतो."

"दोन आणतो," साळवे म्हणाले. "तुझ्या मम्मीला पण लागंल."

प्रज्ञा त्याच दिवशी घरी गेली. नंतर एकदा एक कप फुटला, असं सुनीताताईंनी फोनवर कळवलं. त्याचंही कारण लिहून घेतलं म्हणे. मी एवढंच शिकले की समोर माणूस येऊन बसला की उपाय सांगायची घाई करू नये. आधी त्याला विचारावं, तुम्ही काम काय करता? आणि मग त्याच्या बायकोला बोलू द्यावं.