गेनबा आणि पाच फाटके आवाज

त्याचं खरं नाव गेनबा नव्हतं. विसाव्या वर्षी चौघांनी मिळून बँड काढला, तेव्हा अँप्लिफायरवरचं ‘गेन’ नावाचं बटण तो कायम शेवटपर्यंत पिळून ठेवायचा, आवाजाच्या चिंध्या होईपर्यंत. म्हणून ड्रम वाजवणाऱ्याने त्याला हे नाव ठेवलं. बँड दोन वर्षांत मोडला, नाव टिकलं. पुढे त्याच ड्रमवाल्याच्या धाकट्या बहिणीशी त्याचं लग्न झालं आणि सासरकडूनही नावावर शिक्का बसला.

आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड गोल चौकट ठेवायची, तीत एकेक काच सरकवायची आणि विचारायचं, हे बरं की आधीचं? या कामात तो वाईट नाही. उणे नंबर गरजेपेक्षा थोडा वाढवला की अक्षरं बारीक आणि काळी दिसतात, आणि माणूस खुशीत येऊन सांगतो की हेच बरं. तिथे गेनबा फसत नाही. काळं दिसतं म्हणजे स्पष्ट दिसतं असं नव्हे, असं सांगून तो काच काढून घेतो. हे शहाणपण मात्र तो पांढऱ्या कोटाबरोबर दुकानातच खुंटीला अडकवून येतो.

घरी मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे, भिंतीला उभी केलेली गादी आहे आणि लॅपटॉप आहे. गिटारची वायर लॅपटॉपला जोडायची आणि आत एक सॉफ्टवेअर चालू करायचं. ते कपाटाएवढ्या अँप्लिफायरची नक्कल करतं आणि शेजारीपाजारी तक्रार करत नाहीत. अशी पाच सॉफ्टवेअरं त्याच्याकडे आहेत. पाचांपैकी कुणाचा फाटका आवाज सगळ्यात खरा, याचा कीस तो अकरा वर्षं काढतो आहे. एकाचा तळ चिखलाचा. दुसऱ्याच्या वरच्या अंगाला माश्या घोंघावतात. तिसरा छातीवर येत नाही. चौथा येतो, पण उशिरा. हे निवाडे तो गिटारवाल्यांच्या एका संकेतस्थळावर लिहितो, जिथे त्याच्यासारखेच हजारभर जण एकमेकांना असले निवाडे वाचायला देतात. गाणं कुणीच कुणाला देत नाही. तुलनेसाठी गेनबा एकच तुकडा वाजवतो: जाड तारा तळहाताने दाबून धग्-धग्-धग् चालणारे आठ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची आठ आवर्तनं. बँडमध्ये असताना त्याने एका गाण्याला चाल लावली होती, त्याची ही सुरुवात.

त्याच गाण्यासाठी दादा आला. दादा म्हणजे तो ड्रमवाला मेहुणा. तो फरश्या बसवतो. तीस वर्षं रबरी हातोडी मारून त्याचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्यानंतर ड्रम विसरायचे असं डॉक्टरने बजावलं होतं. बँडचं ते एकच गाणं पुरं झालेलं, आणि तेही कधी रेकॉर्ड न झालेलं. दादाने एका दिवसापुरती कुठूनशी खोली मिळवली, मनगटाला पट्टा आवळला आणि सबंध गाणं तीनदा वाजवून रेकॉर्ड केलं. बास वाजवणाऱ्याने आणि गाणाऱ्याने आपापले भाग आठवड्यात पाठवले. उरली गिटार. दादाचं मागणं एवढंच होतं, की आयुष्यभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, त्या त्यांच्या पायाखाली गेल्या. हातून झालेली एक गोष्ट तरी आपल्याला ऐकता यावी, तीही हात जायच्या आधी. शस्त्रक्रियेला वीस दिवस होते. गेनबा म्हणाला, आठ दिवसांत देतो.

आठ दिवस पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. पुढचे पाच दुसऱ्यात. ड्रमचा आवाज इतका सच्चा आला आहे की त्याच्याशेजारी खोटी गिटार उभी राहणार नाही, असं त्याने दादाला फोनवर समजावलं. दादाने ते कौतुक म्हणून घेतलं. बायकोने घेतलं नाही. ती त्याच दुकानात काउंटरवर फ्रेम विकते. कुणाचं काय चाललंय हे तिला चेहऱ्यावरून कळतं.

एका रविवारी सकाळी तीच म्हणाली, आज लावू या निकाल. ठरलं असं, की गेनबाने पाठ करून बसायचं, त्याचे ते रेकॉर्ड केलेले आठ बार ती पाचही सॉफ्टवेअरांतून उलटसुलट क्रमाने ऐकवेल, आणि त्याने न बघता निवडायचं. तो डोळे मिटून बसला, एखादा न्यायाधीश बसावा तसा. अर्धा तास त्याचे निकाल चालले. याला लाकडाचा वास आहे. हा नुसता प्लास्टिक. हा माणसाने बनवलाय, हा हिशेबाने बनवलाय. बायकोने सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

“एकच होतं सगळं,” ती म्हणाली. “मी सॉफ्टवेअरला हातच लावला नाही. नुसता आवाज जरा वर-खाली करत होते. मोठा झाला की तुला लाकडाचा वास येतो.”

त्याने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

“गिऱ्हाइकांना सांगतोस ना रे, काळं म्हणजे स्पष्ट नव्हे? मी बाहेरून ऐकते रोज.”

दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती, आणि लाजेतून का होईना, त्याने गिटार उचलली असती. गेनबाने लाजेला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत त्याने संकेतस्थळावर एक लांबलचक लेख टाकला: आवाजाची पातळी समान नसेल तर सगळी तुलना फोल आहे, हे आपण प्रयोगाने सिद्ध केलं आहे, एका सहकाऱ्याच्या मदतीने. चाळीस जणांनी आभार मानले. मग पातळी मोजायचं एक वेगळं सॉफ्टवेअर उतरवून घेऊन त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. दादा गाण्याशिवाय ऑपरेशनला गेला.

पंधरा दिवसांनी दादा दुपारी घरी आला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तो गादीला टेकून बसला. गेनबाने त्याला पाच आवाज ऐकवले, समान पातळीवर. दादा कान देऊन ऐकत होता. कुणाच्याही कामाची तो कदर करायचा, ती त्याची खोडच होती.

“पाचही चांगले आहेत,” तो शेवटी म्हणाला. “पुढचं कुठंय?”

पुढचं अजून रेकॉर्ड केलेलं नाही, गेनबाने सांगितलं.

“मग आत्ता वाजव की. ते सगळं राहू दे. नुसती गिटार घे, मला कळेल.”

गेनबाने गिटार मांडीवर घेतली. आठ बार वाजवले. स्वच्छ, एकसारखे. नवव्याला बोटं थांबली. त्याने परत सुरुवात केली आणि बोटं परत तिथेच थांबली, ढोराने रोजच्या खुंट्याशी थांबावं तशी. गाण्याचा मधला भाग त्यानेच बांधला होता. दादाने तो तोंडाने गाऊन दाखवला. बेसूर, पण पुरा. गेनबाला दोन स्वर सापडले, तिसरा निसटला.

“टोन एकदा बसला ना दादा, की बोटांना आपोआप आठवेल,” तो म्हणाला आणि त्याने लॅपटॉपकडे हात नेला.

“बोटं तुझी धडधाकट आहेत, गेनबा,” दादा म्हणाला.

बायको दारात उभी होती. दादाने डाव्या हाताने बूट चढवले, नाड्या तिने बांधल्या.

त्याच आठवड्यात दादाने गाणं गिटारशिवाय पुरं करून घेतलं आणि नातेवाइकांना, ओळखीच्यांना पाठवलं. मधे सोळा बार नुसते ड्रम आणि बास चालतात. बायकोने ते दुकानात काउंटरमागे बसून ऐकलं, लागोपाठ चार वेळा, आणि एका गिऱ्हाइकाला चुकीची फ्रेम बांधून दिली. गेनबाने एकदा ऐकलं. ड्रमचा आवाज घरगुती रेकॉर्डिंगच्या मानाने छान उतरला आहे, असं त्याने दादाला लिहून कळवलं. मधली जागा तेवढी रिकामी वाटते.

दादाला डाव्या हाताने लिहावं लागत होतं, त्यामुळे उत्तर थोडक्यात आलं.

“तुझी आहे.”