स्वयंपाकघरांचे फोटो

गंगापूर रोडवरचा आमचा फ्लॅट तयार झाल्यावर मी एकटीच तो बघायला गेले, तर स्वयंपाकघरात एक बाई टाइल्सचे फोटो काढत होती. पदर खोचलेला, पाय सिमेंटने पांढरे, मान लग्नातल्या फोटोग्राफरसारखी वाकडी.

"ताई, बाजूला व्हा ना, सावली पडती तुमची."

मी माझ्याच घरात निमूटपणे बाजूला झाले आणि विचारलं, "कशाला काढता फोटो?"

"मिस्त्रीनं लावल्या, पन सिमिटाचा माल मी कालवून दिला. सुरगाण्याला माझी पोर हाय. ती इचारती, आई, तू नाशिकला काय करती? मग तिला दावते."

तिच्या मोबाइलमध्ये अशी पंधरा-वीस चकचकीत स्वयंपाकघरं होती.

"पण यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी तर काढनारी!"

मी तिचा मोबाइल घेतला आणि तिला ओट्यापाशी उभं केलं. तिने पदर सारखा केला, ओट्यावर ऐटीत हात ठेवला. फोटो बघून खूप हसली.

"हा नाय दावायचा. पोरीला वाटंल, आईनं घर घेतलं."

पुसला मात्र नाही.