आकाशात ओतायची बिअर

वाल्बुर्गाला त्रेसष्टावं लागलं तरी ती एकदाही विमानात बसली नव्हती, आणि त्याला जबाबदार होती बिअर. भीती वाटत होती असं नाही आणि ऐपत नव्हती असंही नाही. काचेच्या कारखान्यात तीस वर्षं पेले कागदात गुंडाळून खोक्यांत भरले होते तिने, गाठीला थोडंफार होतं. पण मैत्रिणींबरोबर कुठे जायचं ठरलं, की नेमका त्याच आठवड्यात भट्टीवर तिचा नंबर लागायचा. आणि नंबर चुकवायचा नसतो.

होहेनरॉइटमध्ये भट्टी एकच, अख्ख्या गावाची, लाकडावर पेटणारी. अकरा घरांना तिथे बिअर शिजवायचा हक्क आहे. तो माणसाला नाही, घराला आहे. एकाच कढईतला काढा आपापल्या तळघरात न्यायचा, तिथे तो आंबतो, मुरतो आणि प्रत्येक घरात वेगळाच होऊन बसतो. तयार झाला की दारावर लाकडी चांदणी टांगायची. मग सगळं गाव त्या घराच्या बैठकीत. पिंपं संपली की चांदणी पुढच्या दारी जाते. चांदणी दुसऱ्याकडे असताना आपलं पिंप उघडणं... तसं कोणी करत नाही, एवढंच सांगता येईल.

बुर्गी (तिला वाल्बुर्गा फक्त पाद्री म्हणायचा) तळघरात पिंपं घासता घासता विमानांचा विचार करायची. परसातल्या बाकावरून तिला रोज त्यांच्या पांढऱ्या रेघा दिसत. वर माणसं हळू आवाजात बोलत असतील, असं तिला वाटे. सगळ्यांचे बूट काढलेले असतील. कोणीतरी पेला हातात देत असेल आणि खाली डोंगर, नद्या, तिचं स्वतःचं कौलारू घर आवाज न करता सरकत असेल. या विचारात एकदा तिने धुतलेलंच पिंप तीनदा धुतलं. नवरा होता तोवर म्हणायचा, "बुर्गी, खाली ये, जेवायचंय." ती तळघरातच असायची तेव्हा.

गेल्या ऑक्टोबरात एका विमान कंपनीची माणसं गावोगाव हिंडत होती. विमानात द्यायच्या बिअरची नवी यादी करायची होती. दोन-तीन मोठी नावं ठरलेली, त्यांच्या जोडीला एक खेड्यातली हवी होती. राइनवाल्डबाई म्हणून एक शिडशिडीत बाई आल्या तेव्हा चांदणी बुर्गीच्या दारावर होती. बाईंनी दोन पेले घेतले. दुसऱ्याला डोळे मिटले. जानेवारीत पत्र आलं: चौदांतून तिघांची निवड झाली आहे, तुम्ही त्यांत आहात. फेब्रुवारीत बाटल्या घेऊन या, शेवटची चाचणी आहे. पसंत पडली तर पहिल्या उड्डाणात, लिस्बनपर्यंत, बिअर बनवणाऱ्याला खिडकीची जागा.

त्या दिवसापासून बुर्गी जमिनीवर चालत होती, पण जेमतेम.

फेब्रुवारीत चांदणी होती वेंडेलिनच्या दारावर. वेंडेलिन तिचा शेजारी, सत्तरीचा विधुर. त्याचं तळघर फार थंड, काढा पुरता आंबतच नाही, म्हणून त्याची बिअर जरा गोड. बुर्गी रिकाम्या बाटल्या घेऊन त्याच्याकडे गेली.

"काय गं, विमानवाल्यांना माझी नेतेस?"

"तुझी कसली, गावाची. चांदणी तुझ्याकडे लटकलीय, मी काय करू?"

"माझी बिअर बारशाला बरी, असं वीस वर्षं सांगत फिरतेस ना?"

"सांगतेच. आहेच गोडमिट्ट. बाटली नीट धर, सांडतोयस."

"अगं, तुझ्या तळघरातली पिंपं काय शोभेला ठेवलीत? ने त्यातली."

"ती कच्ची आहेत. आणि चांदणी नसताना तोटी ठोकू? माझा बाप कबरीतून उठेल. आधी तुझ्याकडे येईल, असला सल्ला दिलास म्हणून."

कंपनीला हे कळवावं, असं तिच्या मनातही आलं नाही. होहेनरॉइटची बिअर मागितली की चांदणीच्या घरची मिळते, यात कळवायचं काय? दर वेळी तीच चव मागणारी माणसं जगात असतात, हे तिच्या गावीही नव्हतं.

चाचणी म्युनिकजवळच्या एका संस्थेत होती. तिथे एका भल्यामोठ्या पोलादी पिंपात खऱ्या विमानाचा कापलेला तुकडा ठेवला होता. बुर्गीला ते पिंपच वाटलं, दुसरं काय वाटणार? आत खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि खिडक्यांबाहेर दिव्यांनी उजळलेलं आकाश होतं. दार लावलं, हवा विरळ आणि कोरडी केली, इंजिनाची घरघर सुरू झाली. बुर्गीचे कान दडले. अंगावर पिसं फुटावीत तसं काहीतरी तिला झालं. बाहेर ढग सरकत होते. खोटे होते, पण सरकत होते.

बाकीच्या दोघांपैकी एकाची बिअर आधी आली. जमिनीवर झकास लागलेली, इथे पत्र्यासारखी लागली. दुसरीचा फेस उसळून राइनवाल्डबाईंच्या मांडीवर आला. मग वेंडेलिनची.

बुर्गीने घोट घेतला आणि तिथेच थांबली. या हवेत गोडी मागे सरली होती आणि तिच्याखाली दडलेलं सगळं वर आलं होतं: भाजलेल्या पावाचा पापुद्रा, लाकडाचा धूर, सुकलेलं गवत. तिची स्वतःची कडसर बिअर इथे नुसता पाला लागली असती, हे तिला त्याच घोटात कळलं. वीस वर्षं ती त्या माणसाची टर उडवत आली होती.

"हीच!" राइनवाल्डबाई म्हणाल्या. "ऑक्टोबरात तुमच्या बैठकीत घेतलेली. वर आल्यावर आणखी खुलली बघा." त्यांनी कागद पुढे केला. बनवणारी म्हणून बुर्गीचं नाव छापलेलं होतं. फक्त सही हवी होती.

बुर्गीने पेन घेतलं. खिडकीबाहेर एक गुलाबी ढग अगदी जवळून गेला. लिस्बन. वेंडेलिन काही म्हणणार नाही. उलट म्हणेल, कर की सही, वेडे. पेन बराच वेळ हातात राहिलं. मग तिने आपल्या नावावर रेघ मारली, वर वेंडेलिनचं नाव लिहिलं.

"हे काय?"

"ऑक्टोबरातली माझी. ही वेंडेलिनची. चांदणी त्याच्याकडे होती."

"म्हणजे दर महिन्याला चव बदलते तुमच्याकडे? आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. दर महिन्याला जेवणात तेच लागतं का तुम्हाला?"

राइनवाल्डबाईंनी कपाळाला हात लावला. मग पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटले. "ठीक. याचीच घेऊ. असतील तेवढी पिंपं, संपली की संपली. पण खिडकीची जागा बनवणाऱ्यालाच मिळते, नियम आहे."

"नियम बरोबर आहे."

"येतील ना ते?"

"तो? चेरी काढायला शिडीवर चढतो, खाली सून शिडी धरते, तरी तिसऱ्या पायरीवरून परत. ती जागा तुम्ही कोणालाही द्या."

छतातल्या कर्ण्यातून यंत्र चालवणाऱ्याचा आवाज आला, "झालं का? हवा परत भरू?"

"किती वेळ चालू ठेवता येतं हे?" बुर्गीने विचारलं.

"आणखी पाऊण तास आहे हातात."

"मग पाऊण तास ठेवा."

राइनवाल्डबाईंनी कर्ण्याकडे बघून मान हलवली आणि मांडीवरचा ओला रुमाल घडी करून ठेवला. बुर्गीने बूट काढले. वेंडेलिनची उरलेली बिअर पेल्यात ओतून घेतली आणि खिडकीला कपाळ टेकवलं.

"बाई, आकाश कुठलं लावू?" वरून आवाज आला. "सकाळचं आहे, संध्याकाळचं आहे."

"संध्याकाळचं. खाली समुद्र असेल तर तोही लावा."

"समुद्र नाही आमच्याकडे. ढगच आहेत."

"मग ढग लावा," बुर्गी म्हणाली. "खालचं मी बघते."