सात नंबरचा वाडगा

होशिनो गावात ग्योकुरो चाखायचा तो मित्सुए काराशिमांनीच. खुडणीआधी वीस दिवस काळ्या कापडाखाली झाकलेल्या, उन्हाचं तोंड न पाहिलेल्या पानांचा हा चहा, आणि चाळीस वर्षं त्याचा कौल मित्सुएकाकूंकडे. वाडग्यांवर नावं नसतात, तळाला फक्त आकडा. पण काकूंनी चमचा ओठांशी नेऊन 'सुर्रर्रऽऽ' केलं, गालातल्या गालात घोळवून पिंपात थुंकलं, की मालकाचं नाव सांगून मोकळ्या. "हा कुमामोरीचा. पठ्ठ्यानं यंदाही खत ओतलंय." तळाचा आकडा यादीत बघावा तर कुमामोरीचाच.

घरी हा चहा कोमट पाण्यात थेंब थेंब उतरवतात. परीक्षेला मात्र उकळतं पाणी. त्यात चहाला काही लपवता येत नाही.

त्या वाडग्यांत काकूंच्या शेतातलाही एक असायचा. तो पहिल्याच घोटाला ओळखून त्या म्हणायच्या, "घरचा आहे, बाजूला ठेवा." जिल्ह्याच्या स्पर्धेला गावाचा एकच चहा जातो आणि तो काकू निवडतात. त्यांच्यावर कुणी कधी शंका घेतली नाही ती या बाजूला ठेवण्यामुळेच.

यंदा गुडघा सुजला म्हणून काकूंनी एप्रिल आणि मे अंथरुणात काढले. झाकणं, खुडणं सगळं सायोको या सुनेनं एकटीनं केलं. जूनमध्ये काठी टेकत काकू सोसायटीच्या खोलीत आल्या. अकरा वाडगे. सातव्याशी त्या थबकल्या. जाळीच्या चमच्यानं पानं उचलून हुंगली. भाजलेल्या समुद्री शेवाळाचा नेहमीचा वास होताच, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी, ओल्या खळ्यासारखं. त्यांनी सुर्रर्रऽऽ केलं आणि थुंकायला विसरल्या.

सोसायटीचे चेअरमन फुरुशो नाकात बोलतात. "म्हंजे कसंय काकू, तुम्ही गिळलंत!"

"गिळलं. तुझ्या बापाचं काय गेलं?"

"पण म्हंजे कसंय, कुणाचा?"

काकूंनी पुन्हा चमचा भरला. पुन्हा गिळलं. "कुमामोरीचाच असणार. शिकला बाई शेवटी. जिल्ह्याला हाच."

"मी तर कधीचा म्हणतोय!" भिंतीशी उभ्या कुमामोरीची छाती फुगली.

उरलेले चार वाडगे झाले, पण 'घरचा' काही लागेना. काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. फुरुशोंनी सातवा वाडगा उलटा करून यादी पाहिली आणि पहिल्यांदाच 'म्हंजे कसंय' न म्हणता बोलले, "काराशिमा."

"वा, काकू!" कुमामोरी हसला. "चाळीस वर्षं बाजूला, आणि आज एकदम जिल्ह्याला?"

ओळखला होता म्हणावं तर लबाडी ठरते. नव्हता म्हणावं तर जीभ गेली. काकूंनी कुणाकडेही न बघता चमचा पुसला.

"नाही ओळखला. माझं शेत माझ्याच तोंडातून गेलं आणि मला पत्ता नाही. माझा कौल धरू नका. कुमामोरी, तू चाख."

त्यानं ऐटीत काकूंसारखाच लांबलचक सुर्रर्रऽऽ केलं. पिंपाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि गिळून टाकलं.

"पाठवा हाच," तो पुटपुटला. "माझा असता तर बरं झालं असतं."

फुरुशो नाव लिहीत होते तेव्हा काकू खोलीत नव्हत्या. टाक टाक काठी वाजवत त्या थेट शेतात पोचल्या.

"सायोको! काय केलंस गं?"

सायोको दचकली. "आई, रागावू नका. खालच्या चार ओळींना काळं कापड पुरलं नाही. म्हणून जुन्या पद्धतीनं भाताचा पेंढा पसरला. नमुना त्याच ओळींचा दिला. विचारणार होते, पण तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते. त्यावर पाऊस पडला?"

"दोनदा. पेंढ्यातून पिवळं पाणी ठिबकत होतं पानांवर."

"हं. म्हणूनच आज घरचा मला ओळखू आला नाही." बांधावर तोच पेंढा रचलेला होता. काकूंनी त्यातली एक काडी ओढली.

"अगंबाई, मग आता? पुढच्या वर्षी चाखायला बोलावणार ना तुम्हाला?"

"ते त्यांचं ते बघतील." काकूंनी काडी दातांखाली धरली, डोळे मिटून चावली, अन् पुन्हा चावली. "तू आधी मला सांग, हा पेंढा कुठल्या भाताचा?"