मेत्रे सरांची काळी लोकर

मेत्रे सरांच्या हातात खडू नसला की टकळी असायची. तास आटोपून स्टाफरूममध्ये आले की ते पिशवीतून लोकरीचा पुंजका काढत, टकळीला गिरकी देत आणि बोलता बोलता सूत ओढत राहत. बिदरच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा माणूस असा धनगरवाड्यावर बसल्यासारखा लोकर कातत बसतो, याची इतर प्राध्यापकांना लाज वाटे. एकदा प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "मेत्रे, उद्या वर्गात मेंढ्यासुद्धा आणाल तुम्ही." सरांनी सूत तुटू न देता उत्तर दिलं, "आणल्या असत्या सर. पण त्या पास व्हायच्या आन् आपली पोरं नापास. मग तुमालाच अवघड."

सर ठाणाकुशनूरकडचे. त्यांच्या वडिलांचा मोठा कळप होता. चरायला रान उरलं नाही, बाजारात गिरणीतली स्वस्त ब्लँकेटं आली, पुतणे बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांत कामाला लागले आणि कळप विकला गेला. काशीबाईंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा भाऊ तेवढा अजून गावी घोंगड्या विणायचा. त्याच्यासाठी ही दोघं बिदरमधल्या नौबादच्या घरी सूत काततात, हे आम्हा विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. काशीबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांच्या घरात कोनाड्यात, फळीवर, पलंगाखाली, जिकडे पाहावं तिकडे काळ्या लोकरीच्या सुताचे गुंडे रचलेले असत.

मी ठाणाकुशनूरच्याच भागातल्या मराठी शाळेतून आलेली. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वर्गात शिकवणं इंग्रजीतून आणि समजावणं कन्नडमधून चाले. आम्ही सीमेवरची मराठी मुलं मागच्या बाकांवर बसून नुसत्या माना हलवत असू. तास संपला की सर आम्हाला थांबवून घेत. "कामून माना डोलवायलात? कळलं न्हाई तर न्हाई म्हणा की." मग तोच धडा आमच्या भाषेत पुन्हा सुरू होई. आम्ही विचारलेलं त्यांना येत नसलं तर ते खडू खाली ठेवत आणि सरळ सांगत, "ठाऊक न्हाई. पुढच्या तासाला सांगतो." पुढच्या तासाला ते उत्तर घेऊन येतच. कधी उत्तर सापडलेलं नसे, तर तेही येऊन सांगत.

पेशीच्या केंद्रकातला डीएनए त्यांनी आम्हाला लोकरीच्या सुतानेच शिकवला. लाकडी रिळांवर सूत गुंडाळून त्यांनी ती टेबलावर ओळीने मांडली. "माणसापेक्षा लांब धागा एवढ्याशा पेशीत कसा मावतो? असा गुंडाळून. ही रिळं म्हंजी हिस्टोन. आन् ध्यानात ठेवा, जे गुंडाळून आत गेलं, ते पेशीला वाचता येत न्हाई."

त्या रिळांमागे मी हैदराबादपर्यंत गेले. प्रयोगशाळेत माझं काम त्यांच्यावरच होतं. हिस्टोनवर बारीक रासायनिक खुणा चिकटवणारी काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. अशी एक खूण लागली की धागा सैल होतो आणि तिथला मजकूर पेशीला वाचता येतो. दुसरी विकरं ती खूण काढून टाकतात, मग धागा पुन्हा आवळला जातो. काही कॅन्सरांत ही खुणा काढणारी विकरं बेताल चालतात आणि पेशीची वाढ थांबवणारी जनुकंच आत गुंडाळली जातात. सुट्टीत मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांची टकळी थांबली. ते म्हणाले, "म्हंजी 'थांब' म्हणणारा घरातच हाय. त्याचं तोंड बांधलंय."

मी उत्साहात पुढचंही सांगितलं. खुणा काढणाऱ्या या विकरांना अडवणारं एक रसायन आमच्याकडे बाटलीत आहे. ते काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं की त्यांची वाढ थांबते.

अक्का दारात लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "थांबती? खरंच थांबती?"

"ताटलीत थांबते, अक्का."

पुढे काही वर्षांनी सरांना जठराचा कॅन्सर निघाला. कळला तेव्हा तो यकृतापर्यंत गेला होता. हैदराबादच्या डॉक्टरांनी औषधं दिली, सरांचे केस गेले, अंगावरचं मांस गेलं आणि मग डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. मी नौबादला भेटायला गेले तर अक्कांनी मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं.

"तुज्या त्या बाटलीतलं थोडं आन, माय. मी कुनाला सांगत न्हाई."

मी त्यांना समजावून पाहिलं. तशा जातीचं औषध परदेशात कातडीच्या एका दुर्मिळ कॅन्सरवर देतात, या कॅन्सरवर त्याचा उपयोग दिसलेला नाही. आमच्या बाटलीतलं तर माणसाला देण्यासाठी बनवलेलंच नाही. त्याने रक्त बिघडेल, आहे ती ताकदही जाईल.

अक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आता आनखी काय वंगाळ व्हायचं ऱ्हायलंय, सांग की."

मी तशीच बसमध्ये बसले. प्रयोगशाळेत ती बाटली फ्रीजमध्ये माझ्या हाताच्या अंतरावर असायची. दार उघडलं की ती दिसायची.

पुढच्या खेपेला सरांच्या घरात पाऊल टाकायला जागा नव्हती. खोलीभर काळं सूत पसरलं होतं. ते पलंगाच्या पायांत अडकलं होतं, उंबऱ्यावरून बाहेर आलं होतं. कोनाडे, फळी सगळं रिकामं होतं. मधोमध अक्का बसल्या होत्या आणि शेवटचा गुंडा सोडत होत्या.

"हे काय, अक्का?"

"सोडायलेय. गुंडाळल्यानंच दुखनं हाय म्हनला व्हता ना तुमी दोघं? आता घरात एक बी गुंडा ठेवत न्हाई."

धनगराच्या घरात सुताचा गुंडा असा सोडून टाकणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारण्यासारखं. एवढं सूत कातायला दोघांची किती वर्षं गेली असतील. अक्कांचं बोलणं ऐकून पलंगावरचे सर हसू लागले आणि हसता हसता पोट धरून वाकडे झाले. कळ ओसरल्यावर त्यांनी हाक मारली, "काशे, एक टोक धर आन् वढ बरं."

अक्कांनी टोक ओढलं. हातभर सूत आलं आणि अडकलं. त्यांनी जोर लावला तसा गुंता आणखी आवळला.

"बगितलंस? सगळंच सोडलं की असा गुंता व्हतो." सर थांबून थांबून बोलत होते, पण आवाज वर्गातलाच होता. "काही सुटायला पायजे, काही गुंडाळलेलं ऱ्हायला पायजे. ते औषध 'थांब' म्हणणाऱ्याचं तोंड सोडंल. पण त्याच्यासंगं 'पळ' म्हणणाऱ्याचं बी सोडंल, तर मग? कोणाचं सोडायचं आन् कोणाचं न्हाई, हे त्याला अजून कळत न्हाई. म्हणून ही पोर आणत न्हाई. तिच्यावर रुसू नको."

"मी कवा रुसले?" अक्का म्हणाल्या आणि चहा टाकायला उठून गेल्या. जाताना त्यांच्या पायात सूत अडकून ओढलं गेलं, तरी त्यांनी ते सोडवलं नाही.

सरांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"तू आणलं असतंस तर मी घेतलं असतं, माय," ते हळू आवाजात म्हणाले. "जीव लई वाईट असतो. मला बी ठाऊक हाय ते काम करायचं न्हाई, तरी घेतलं असतं. म्हणून सांगतो, आणू नको."

इतकी वर्षं मी सरांना पाहत होते. काही मागताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं, आणि मागितलं तेही असं उलट करून.

उन्हाळा लागायच्या आत सर गेले. शेवटच्या आठवड्यांत ते मॉर्फिनवर होते. अक्का सांगायच्या की झोपेतही त्यांचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत असत.

पुढच्या वर्षी मी नौबादला गेले तेव्हा अक्का दारात बसून तो गुंता सोडवत होत्या. त्यांच्या भावाने तो चुलीत घालायला सांगितला होता. "त्यांच्या हातचं हाय, कसं जाळू?" असं म्हणून त्या हातभर सूत मोकळं करत, ते नव्या गुंड्यावर गुंडाळत आणि पुन्हा अडल्या ठिकाणी नखाने कोरत बसत. मी समोर बसून दुसरं टोक धरलं.

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "आता तरी खरं सांग. त्या बाटलीनं काई झालं असतं का गं? थोडं? चार म्हयने?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि त्यांना ते बरंही वाटलं असतं. पण ते औषध अशा माणसाला दिलं तर काय होतं, हे मी पाहिलेलं नव्हतं. मी फक्त ताटलीतल्या पेशी पाहिल्या होत्या.

"ठाऊक नाही, अक्का."

त्यांचे हात थांबले. त्या रागावतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातलं टोक काढून घेतलं आणि गुंड्यावर एक वेढा दिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या तासाला येऊन सांग."